इंजिन बंद ठेवून गाडीतला रेडिओ आणि इतर उपकरणे कशी वापरावीत : बॅटरी राखण्याचा सविस्तर हिशेब

कोल्हापुरात इंजिन बंद करून गाडीत बसून राहण्याचे प्रसंग वारंवार येतात. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाहेर रुग्णाच्या बातमीची वाट पाहणारे नातेवाईक असतात, नवरात्रात घरची मंडळी अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभी असताना वाहनतळावर थांबलेला चालक असतो, संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाला गाडी लावून निवांत गाणी ऐकणारी कुटुंबे असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले, तेव्हा अडकून पडलेल्या वाहनांतील लोकांसाठी गाडीतला रेडिओ आणि मोबाईलचा चार्जर या चैनीच्या वस्तू राहिल्या नव्हत्या. अशा प्रत्येक प्रसंगी एकच गोष्ट सांभाळायची असते : रेडिओ ऐकून, फोन चार्ज करून झाल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली पाहिजे. हा लेख ती गोष्ट नेमकी कशी साधायची, याविषयी आहे. आधी थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. तो एकदा समजला की पुढच्या पायऱ्या आपोआप सुचत जातात.

बॅटरीचे खरे काम

गाडीची नेहमीची बॅटरी १२ व्होल्टची, शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची असते. तिच्यात सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो. या बॅटरीची रचना एका विशिष्ट कामासाठी केलेली असते, ते म्हणजे सेल्फ मारताना काही सेकंदांपुरता शंभर-दोनशे अँपिअरचा, मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहूनही अधिक, जोरदार प्रवाह देणे. त्यासाठी तिच्यातील पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी मात्र तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी, जाड पट्ट्यांची बनवलेली असते. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरसारखी वापरली, म्हणजे वारंवार खोलवर उतरवली आणि तशीच ठेवली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात, ते पुढे चार्ज करूनही पुरते निघत नाहीत, आणि चार वर्षे चालायची बॅटरी दोन वर्षांत बदलावी लागते. म्हणूनच इंजिन बंद असताना बॅटरी किती वापरावी हा प्रश्न त्या दिवशी गाडी सुरू होईल की नाही एवढ्यापुरता मर्यादित नाही. बॅटरीचे आयुष्यही त्यावर ठरते.

इंजिन चालू असताना गाडीतली सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो, त्यातूनच बॅटरी भरते, आणि त्या वेळी मीटरवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात. इंजिन बंद झाले की अल्टरनेटर थांबतो आणि त्या क्षणापासून रेडिओपासून डिकीतल्या दिव्यापर्यंत सर्व काही एकट्या बॅटरीवर येते.

चावी कोणत्या खुणेवर ठेवायची

चावीच्या गाडीत स्टिअरिंगजवळच्या कुलपावर बहुधा चार खुणा असतात : लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. रेडिओ, चार्जिंगचा सॉकेट आणि काही गाड्यांत घड्याळ वा आरसे एवढीच उपकरणे एसीसीवर चालतात. इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकायचा असेल तर चावीची जागा ही आणि हीच.

पुष्कळ लोक चावी थेट ऑनवर नेतात, कारण तिथेही रेडिओ चालतो आणि शिवाय काचा वरखाली करता येतात. मात्र ऑनवर गाडी इंजिन सुरू होण्याच्या तयारीत असते. इंजिनाचा संगणक, इंजेक्शनची यंत्रणा, एबीएस, एअरबॅग, डॅशबोर्डवरचे सगळे इशारे-दिवे जागे होतात; पेट्रोल गाडीत इंधनपंप दोन-तीन सेकंद फिरतो; डिझेल गाडीत इंजिन थंड असेल तर ग्लो प्लग तापतात आणि तेवढ्या वेळात मोठा प्रवाह खातात. रेडिओला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह नुसत्या या तयारीत जाऊ शकतो, आणि तो जातो आहे याची आत बसलेल्याला कल्पनाही येत नाही. ज्यांच्याकडे पॉइंट (ठिणगीच्या कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेली जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर जतन केलेली आहे, त्यांनी तर चावी ऑनवर ठेवून बसूच नये. पॉइंट नेमके मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि कॉइल व पॉइंट दोन्ही तापून खराब होतात.

बटणाच्या गाडीत हीच स्थाने बटण दाबण्याच्या संख्येवर ठरतात. क्लच वा ब्रेक न दाबता बटण एकदा दाबले की सामान्यतः एसीसी, दुसऱ्यांदा दाबले की ऑन आणि तिसऱ्यांदा दाबले की सर्व बंद, असा क्रम असतो. क्लच किंवा, ऑटोमॅटिक गाडीत, ब्रेक दाबून बटण दाबले तरच इंजिन सुरू होते. बटणाच्या ऑटोमॅटिक गाडीत एक गोष्ट विशेष जपावी. गिअरचा दांडा ‘पी’वर न नेता इंजिन बंद केले तर अनेक गाड्या पूर्ण बंद न होता एसीसीवर किंवा ऑनवर राहतात, चालक उतरून निघून जातो, आणि दोन तासांनी परत येईपर्यंत बॅटरी बसलेली असते. गाडी अशा वेळी इशारा देते, पण महाद्वार रोडच्या गोंगाटात तो ऐकू येईलच असे नाही. काही नव्या गाड्या ठरावीक वेळाने एसीसी स्वतःहून बंद करतात, तर काहींत चावी काढल्यावरही म्युझिक सिस्टीमचे बटण दाबून मर्यादित वेळ रेडिओ लावता येतो. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत एकदा पाहून ठेवावे.

किती वेळ चालेल, याचा हिशेब

बॅटरीवर तिची क्षमता अँपिअर-तासांत छापलेली असते. लहान पेट्रोल गाडीत ती साधारण ३५ असते, डिझेल गाड्यांत आणि मोठ्या एसयूव्हींत ६० ते ८० च्या आसपास. या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ३५ अँपिअर-तास म्हणजे नवी, पूर्ण भरलेली बॅटरी १.७५ अँपिअरचा प्रवाह २० तास देऊन पूर्ण रिकामी होईल. ती ३५ अँपिअर एक तास देणार नाही, कारण प्रवाह जितका मोठा तितकी बॅटरीतून प्रत्यक्ष मिळणारी वीज कमी. आणि आपल्याला तर ती रिकामी होऊच द्यायची नाही.

माझा नियम असा आहे : बॅटरी चांगली, तीन वर्षांच्या आतली आणि नीट भरलेली असेल तर छापील क्षमतेचा एक पंचमांश भाग बसल्या जागी वापरायला मोकळा धरावा, बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल किंवा गाडी आठवडाभर हललीच नसेल तर त्याचाही निम्माच. म्हणजे ३५ च्या बॅटरीत ७, आणि जुनी असेल तर साडेतीन अँपिअर-तास. डिझेलच्या ६५ च्या बॅटरीतून १३ निघतात खरे, परंतु डिझेल इंजिनाला सेल्फ मारायला ताकद जास्त लागते, म्हणून तिथे १० वर थांबणे शहाणपणाचे. हे आकडे सावधपणे धरलेले आहेत आणि ते तसेच असावेत. गगनबावड्याच्या घाटात, रात्री, पावसात गाडी बंद पडल्यावर अर्धा तास जास्त ऐकलेली गाणी कोणाला आठवत नाहीत.

आता खर्चाची बाजू पाहू. कोणत्याही उपकरणावरचे वॅट १२ ने भागले की अँपिअर मिळतात. मध्यम आवाजातला साधा रेडिओ एक ते दोन अँपिअर घेतो, मोठ्या टचस्क्रीनची सिस्टीम त्याहून अधिक. फोनचा साधा चार्जर सुमारे एक अँपिअर, जलद चार्जर दीड. छतावरचा जुन्या पद्धतीचा दिवा अर्धा ते पाऊण. एलईडी असेल तर नगण्य. पुढचे हॅलोजन दिवे ५५ वॅटचे दोन, त्यांच्यासोबत लागणारे मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड धरून साधारण ११ अँपिअर होतात. नुसते पार्किंगचे दिवे सुमारे दोन. हॅझर्डचे दिवे अर्धा वेळ विझलेले असतात, तरी साध्या बल्बांत त्यांची सरासरी चार अँपिअरपर्यंत जाते. पंख्याचा ब्लोअर वेगानुसार पाच ते पंधरा अँपिअर, मागच्या काचेची जाळी दहाच्या पुढे, आणि टायरमध्ये हवा भरायचा पंपही साधारण तेवढाच.

हे आकडे एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होते. रंकाळ्यावर लहान पेट्रोल गाडीत एसीसीवर रेडिओ आणि एक चार्जर लावला तर साधारण तीन अँपिअर जातात, म्हणजे ७ अँपिअर-तासांत दोन तासांहून थोडा अधिक वेळ निघतो. तेच चावी ऑनवर ठेवून केले तर खर्च सात-आठ अँपिअरवर जातो आणि तासाभरात मर्यादा संपते. आणि अंधार पडला म्हणून पुढचे दिवे लावून ठेवले, तर अर्ध्या तासात. बॅटरी उतरते ती बहुतेक वेळा रेडिओमुळे नसून रेडिओच्या सोबतीने न कळत चालू राहिलेल्या दिव्यांमुळे आणि ऑनवर राहिलेल्या चावीमुळे.

मीटर असेल तर अंदाजाची गरज उरत नाही

चार्जिंगच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर शे-दोनशे रुपयांपासून मिळतो, आणि गाडीत बसून थांबण्याची वेळ ज्यांच्यावर नेहमी येते, त्यांनी तो जरूर घ्यावा. विश्रांत बॅटरीवर १२.६ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव उरलेली, असा ढोबळ मेळ आहे. रेडिओ चालू असताना आकडा किंचित खाली दिसतो, हे गृहीत धरूनही १२.२ दिसले की सर्व बंद करून इंजिन सुरू करावे. एक बारकावा असा की गाडी नुकतीच थांबवली असेल तर बॅटरीच्या पट्ट्यांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर १२.८ किंवा अधिकही दाखवतो. तो आकडा खरा मानू नये. बॅटरी दोन-तीन तास पडून राहिल्यावर, किंवा पुढचे दिवे एखादा मिनिट लावून विझवल्यावर, जो आकडा स्थिरावतो तो धरावा.

गाडी थांबवताना आणि बसताना

पहिले काम जागा निवडण्याचे. भिंतीकडे तोंड करून गाडी अडकवू नये. बॅटरी बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असते, आणि दुर्दैवाने ती बसलीच तर दुसऱ्या गाडीची जंपर केबल तिथवर पोहोचली पाहिजे; म्हणून गाडीचे तोंड मोकळ्या बाजूला ठेवावे. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर उतार असेल तर हॅन्डब्रेक पूर्ण ओढून, चाके कठड्याकडे वळवून, गाडी गिअरमध्ये ठेवावी.

दुसरे, इंजिन बंद करण्याआधी काचा हव्या तेवढ्या खाली करून घ्याव्यात, कारण अनेक गाड्यांत एसीसीवर काचांची बटणे चालत नाहीत आणि मग त्यासाठी पुन्हा पुन्हा ऑनवर जावे लागते. ब्लोअर, एसी, मागच्या काचेची जाळी, वायपर आणि दिवे हे सारे इंजिन चालू असतानाच बंद करावे. दिव्यांचा स्विच ‘ऑटो’वर असेल तर तोही बंदवर आणावा; एरवी अंधारात चावी ऑनवर गेली की पुढचे दिवे आपले आपण लागतात. एसीच्या बाबतीत एक गैरसमज अजून आढळतो. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन बंद असताना एसीचे बटण दाबून गारवा मिळत नाही. मिळते ती फक्त ब्लोअरची गरम हवा, आणि तिच्यापायी जातात दहा-बारा अँपिअर.

तिसरे, आता चावी पूर्ण बंद करून पुन्हा एसीसीवर आणावी आणि डॅशबोर्डवर इशारे-दिवे पेटलेले नाहीत, हे पाहून घ्यावे. ते दिसत असतील तर आपण ऑनवर आहोत.

चौथे, घड्याळ लावावे. फोनवर एका तासाचा गजर लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण दवाखान्याबाहेर किंवा गाण्यांच्या नादात तास कसा गेला हे कळत नाही. गजर वाजला की दिवे मंद झालेत का, सेंट्रल लॉकचा आवाज जड येतो का, हे पाहावे. शंका आली तर इंजिन सुरू करून लांब चक्कर मारून यावे. नुसते जागेवर चालू ठेवून फारसे भरत नाही, कारण मंद वेगात अल्टरनेटरकडून मिळणारी वीज थोडी असते.

दारे उघडी ठेवून बसायची सवय असेल तर छतावरचा दिवा ‘दार’ या खुणेवरून हलवून बंद करावा. डिकी उघडून भोवती डबे मांडून बसणाऱ्यांनी डिकीतल्या दिव्याकडेही लक्ष द्यावे.

महामार्गाच्या कडेला थांबावे लागले असेल तर मात्र प्राधान्य बदलते. तिथे हॅझर्डचे दिवे आणि मागे ठेवलेला लाल परावर्तक त्रिकोण आधी, रेडिओ नंतर. विजेचा हिशेब हॅझर्ड धरूनच करावा, आणि वीज कमी पडत असेल तर रेडिओ बंद करावा. उसाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांवरून जातात, त्या रस्त्यांवर थांबलेली आपली गाडी तरी दुरून दिसलीच पाहिजे.

मुले, उन्हाळा आणि बंद जागा

एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान काही मिनिटांत बाहेरच्यापेक्षा खूप वर चढते. रेडिओ लावून देऊन लहान मुलाला किंवा वृद्धाला ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून गाडीत एकटे ठेवणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये. मुलाच्या हाती चावी ठेवून जाणेही तितकेच धोक्याचे, कारण एसीसीपासून स्टार्टपर्यंतचे अंतर मनगटाच्या एका वळणाचे असते.

बॅटरी वाचवायची म्हणून इंजिन चालू ठेवून बसण्याचा किंवा झोपण्याचा पर्याय काही जण निवडतात. बंद गॅरेजमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडापर्यंत चिखल-पाणी आलेले असताना हे कदापि करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गुंगी आलेल्या माणसाला धोका कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. पुराच्या काळात गाडीत रात्र काढावी लागलीच, तर इंजिन बंद, काचा थोड्या उघड्या आणि रेडिओ बातम्यांपुरता, हाच क्रम सुरक्षित आहे.

रेडिओविषयी थोडे

सर्व साधनांत साधा एफएम सर्वांत काटकसरी. ब्लूटूथवरून गाणी लावली की गाडीच्या सिस्टीमबरोबर फोनची बॅटरीही खर्च होते आणि मग फोन चार्जरला लागतो. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर शहरात आणि आसपास स्वच्छ लागते. डोंगराआड, घाटात गेल्यावर मात्र आवाज खरखरतो. टचस्क्रीन असेल तर रेडिओ चालू ठेवून पडदा विझवण्याची सोय मेनूत बहुधा असते, ती वापरावी. आवाज वाढवला की खर्च वाढतो, आणि तळाचा धडधडणारा बास सर्वांत जास्त वीज खातो. चार्जर लावल्यावरच खरखर सुरू होत असेल तर दोष स्टेशनचा नसून त्या स्वस्त चार्जरचा आहे. तो काढून पाहावा. पूरस्थितीत दर तासाला बातम्यांच्या वेळेपुरता रेडिओ लावला, तर तीच बॅटरी दोन तासांऐवजी दोन दिवस पुरू शकते.

आवाजाला कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. डिकी उघडून मोठ्याने गाणी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे; आणि दवाखान्याबाहेर थांबलेल्याने नियम नसता तरीही आवाज काचेच्या आतच ठेवला असता, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

बाहेरून बसवलेली सिस्टीम : सर्वाधिक बॅटऱ्या इथे उतरतात

कंपनीची सिस्टीम काढून मोठी बसवण्याची हौस आपल्याकडे भरपूर आहे आणि चांगले काम करणारे कारागीरही शिवाजी उद्यमनगरात आहेत. तरी काम करून घेताना स्वतः चार गोष्टी विचाराव्यात.

बाजारातल्या स्टिरिओच्या मागे बहुधा पिवळी, लाल आणि काळी अशा मुख्य तारा असतात. पिवळी थेट बॅटरीची, घड्याळ आणि जतन केलेली स्टेशने लक्षात राहण्यासाठी; लाल चावीच्या एसीसीची; काळी अर्थिंगची. घाईत पुष्कळदा पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडतात, कारण मग चावीशिवायही गाणी लागतात आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्यामुळे बटणाने बंद केलेली सिस्टीमही आतून अर्धवट जागी राहते आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. लाल तार एसीसीलाच जोडलेली आहे ना, हे तपासणे सोपे आहे : चावी काढल्यावर सिस्टीम चालू होता कामा नये. ज्या गाड्यांत कंपनीनेच तशी सोय दिलेली असते, त्यांत मूळ सिस्टीम असेपर्यंत हा नियम लागू नाही.

अँप्लिफायर बसवला असेल तर त्याची जाड तार बॅटरीपासून निघते. तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर-दोन वीत अंतरात, फ्यूज असायलाच हवा. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटू शकते. मोठा आवाज असताना असा अँप्लिफायर वीस-तीस अँपिअर सहज ओढतो. ३५ च्या बॅटरीवर, इंजिन बंद ठेवून, तो वाजवायचाच नसतो. ज्यांना तो वाजवायचाच आहे त्यांनी आयसोलेटर रिलेच्या मागे दुसरी, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी बसवून घ्यावी, म्हणजे गाण्यांची वीज वेगळी आणि सेल्फची वेगळी राहते.

उभ्या गाडीतही सेंट्रल लॉक, इमोबिलायझर आणि संगणकाची स्मृती यांच्यासाठी थोडा प्रवाह सतत जातोच. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, म्हणजे महिनाभर न हललेली लहान बॅटरी नुसत्या उभे राहण्याने रिकामी होते. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅमेरा अशी बाहेरून बसवलेली उपकरणे यात आपली भर घालतात. गाडी बंद करून, दारे लावून, थोड्या वेळाने इलेक्ट्रिशियनकडून हा प्रवाह मोजून घेता येतो आणि एकेक फ्यूज काढून दोषी वायरही सापडते.

सॉकेटमध्ये काय लावावे

बहुतेक गाड्यांचा १२ व्होल्टचा सॉकेट १२० वॅट, म्हणजे १० अँपिअरपर्यंतच्या भारासाठी असतो. नेमका आकडा झाकणावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. फोन, छोटा पंखा, पॉवर बँक एवढे त्यावर निर्धास्त चालवावे. हवेचा पंप इंजिन चालू ठेवूनच लावावा. पाणी तापवायची किटली, मोठा इन्व्हर्टर, फ्रिज यांच्यासाठी तो सॉकेट नाही. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा; जास्त क्षमतेचा किंवा चांदीचा कागद गुंडाळून बसवलेला फ्यूज तारेला जाळतो. काही गाड्यांत हा सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहतो. आपला तसा आहे का, हे चार्जरचा दिवा पाहून एकदाच ठरवून टाकावे.

फोनची काळजी मुख्य असेल तर सर्वांत बरे म्हणजे गाडी चालू असताना पॉवर बँक भरून घ्यावी आणि थांबल्यावर फोन तिच्यावर लावावा.

इलेक्ट्रिक गाडीत हिशेब थोडा निराळा आहे. तिच्यातही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. गाडी ‘रेडी’ स्थितीत असेल तर मोठी बॅटरी तिला भरत राहते आणि रेडिओ तर सोडाच, एसीही तासन्‌तास चालतो. तशी स्थिती नसेल तर लहान बॅटरी उतरून मोठी भरलेली असतानाही गाडी जागी होत नाही.

निघताना

आधी रेडिओ, चार्जर, दिवे सर्व बंद करावे, मग सेल्फ मारावा. क्लच पूर्ण दाबल्यास सेल्फवरचा भार हलका होतो. दहा सेकंदांहून अधिक सलग सेल्फ मारू नये. इंजिन लागले नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. गाडी सुरू झाल्यावर खर्च झालेली वीज भरून यायला नेहमीच्या वेगाने निदान अर्धा-पाऊण तास चालवणे हवे. रंकाळ्यावरून शाहूपुरीतल्या घरी येणे त्यासाठी पुरत नाही, आणि पावसाळ्यात दिवे, वायपर, ब्लोअर सगळेच चालू असते तेव्हा तर मुळीच नाही. रोज थोडे वापरून रोज थोडेच चालवणाऱ्याची बॅटरी हळूहळू अर्धीच भरलेली राहू लागते. अशांनी आठवड्यातून एकदा कागलपर्यंत जाऊन यावे, किंवा गाडीच्या बॅटरीचा चार्जर लावून ती रात्रभर भरून घ्यावी.

सेल्फ नुसता ‘कट-कट’ करून थांबला तर

बहुधा बॅटरी उतरली आहे. पण तसे ठरवण्याआधी टर्मिनल (बॅटरीवरची तारा जोडायची टोके) हलवून पाहावेत. पांढरा-हिरवा क्षार साचून ते सैल झाले असतील तर चांगली बॅटरीही असेच वागते.

जंपर केबलने सुरू करताना दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असाव्यात, एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात आणि दोन्हींची इंजिने बंद असावीत. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धनला लावावे. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या न रंगवलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. हे शेवटचे टोक बॅटरीवर न लावण्याचे कारण असे की बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि जोडताना उडणारी ठिणगी त्याचा स्फोट घडवू शकते. आता चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटे चालू ठेवावी, मग आपली सुरू करावी, आणि केबल बरोबर उलट क्रमाने काढाव्यात. जवळपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी. बॅटरी फुगलेली असेल, तडकलेली असेल किंवा तिच्यातून गळती होत असेल तर केबल लावूच नये.

धक्का देऊन सुरू करण्याची पद्धत फक्त हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी आहे. चावी ऑनवर, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा आणि इंजिन लागताच पुन्हा दाबायचा. मात्र आजच्या गाड्यांत संगणक आणि इंधनपंप यांना थोडी तरी वीज लागतेच, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर कितीही धक्का दिला तरी उपयोग होत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर किंवा घाटाच्या उतारावर हा प्रयोग करू नये, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड झालेले असतात.

एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी नुसत्या गाडी चालवण्याने नीट भरत नाही. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ती बाहेरच्या चार्जरवर सावकाश भरून घ्यावी आणि भार लावून तपासून घ्यावी; पाणी घालायची बॅटरी असेल तर त्याच वेळी डिस्टिल्ड वॉटरची पातळीही पाहावी. बॅटरी गाडीतून सोडवताना आधी ऋण टर्मिनल काढावा आणि बसवताना तो शेवटी जोडावा. काही गाड्यांचा स्टिरिओ यानंतर सुरक्षेचा कोड विचारतो. तो कोड गाडीच्या कागदपत्रांसोबत येतो. लिहून घरी ठेवलेला असेल तर त्या दिवशी रेडिओ मुका राहत नाही.